बिनसेलच्या चकत्या

जळगावच्या एका लहान कारखान्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघत होतो. १९९४च्या थंडीत आम्ही धरणगाव रस्त्याला भाईदासआबांच्या केळीच्या बागेत मातीचं तापमान मोजणाऱ्या चकत्या पुरल्या. चकतीत सेल नाही, बाहेर वायर नाही. आत फक्त तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि तापमान जाणणारा एक बारीकसा भाग. हातातल्या मीटरची कडी पुरलेल्या चकतीच्या वर धरली की मीटर वाजायचा, काटा अंश दाखवायचा. खाली चकती नसली तर मीटर गप्प.

थंडीनं केळीची वाढ खुंटते, म्हणून आबांनी हौसेनं जागा दिलेली. बांधापासून त्यांच्या मळ्यातल्या घरापर्यंत सरळ ओळीत आम्ही चकत्या पुरल्या होत्या.

सगळीकडे माती गार होती. बांधाजवळच्या चकतीवर मात्र काटा सदतीसवर गेला. माणसाच्या अंगाइतकं.

“तुमनं मशीन बिघडी गयं,” आबा हसले.

मलाही तसंच वाटलं. चकती उकरून काढली. माती हाताला गार, ओलसर. बाहेर काढल्यावर चकतीनं हवेचं तापमान बरोबर दाखवलं. पुन्हा पुरली, तर सदतीस. दुसरी पुरून पाहिली. तीही सदतीस.

पुढच्या आठवड्यात बांधाजवळची चकती गार झाली होती. सदतीस आता तिच्या पुढच्या चकतीवर होतं.

मग त्याच्या पुढच्या. घराच्या दिशेनं.

आबांचं हसणं थांबलं. त्यांनी कुदळ आणली. त्यांच्या पत्नी, मंजुळाबाई, घरातून धावत आल्या आणि त्यांनी कुदळीचा दांडाच धरला.

“खंदू नका. चाली ऱ्हायनं ते. चालू द्या.”

“काय चालतंय, अक्का?” मी विचारलं.

त्यांनी दांडा आणखी घट्ट धरला. आबांनी तरीही त्या चकतीपाशी कंबरभर खड्डा खणला. माती, केळीची मुळं, गांडुळं. दुसरं काही नाही.

नंतर गेलो तेव्हा भर दुपार होती. बांधापासून शेवटच्या चकतीपर्यंत सगळी ओळ तपासली. सगळीकडे गार.

“आते बठ्ठं बराबर शे ना?” आबांनी विचारलं.

“सगळं बरोबर आहे, आबा.”

मला हायसं वाटलं. चहाला म्हणून ओट्यावर गेलो. मंजुळाबाई खाटेवर पाय खाली सोडून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मीटर खाटेजवळ खाली ठेवून बंद करायला मी वाकलो.

मीटर वाजला.

घराखाली आम्ही चकती पुरलीच नव्हती.

काटा सदतीसवर जाऊन थांबला.

मंजुळाबाईंनी टोपली बाजूला सारली आणि दोन्ही पाय खाटेवर घेतले.