तीन पदरी तार

९ जानेवारी, गुरुवार. दिवसभर आभाळ होतं. संध्याकाळी वारा पडला आणि थंडी हाडांत उतरली.

"ऐकीव गोष्ट नाही ही," मामा म्हणाले. "ज्या टेलरच्या घरी हे घडलं, त्याने शिवलेली पँट आत्ता माझ्या अंगावर आहे."

"म्हणजे पँट भुताची?" धाकट्या भाचीने विचारलं.

"हसून घे, बाई." मामांनी ओसरीवरचा दिवा मालवला. भाचरं जवळ सरकली.

अशाच एका गारठ्याच्या दिवशी टेलर हीटर आणायला बाजारात गेला होता. घरात तो आणि म्हातारी आई, दोघंच. आई न्यूमोनियातून नुकती उठलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार पडू देऊ नका, आता गारठा बाधला तर छाती सोसायची नाही. त्याने दोन हजार वॉटचा हीटर आणला आणि आईच्या पायथ्याशी ठेवला. स्विचबोर्ड खोलीच्या दाराजवळ होता. तिथून भिंतीवरच्या पोकळ लाकडी पट्टीतून वायर निघायची आणि आईच्या उशामागून हीटरच्या प्लगपर्यंत जायची. बोर्डावरच त्याची इस्त्री. दोन्ही चालू केली आणि दहा मिनिटांत फ्यूज उडाला.

वायरमन आला. फ्यूजला नवी तार घालून म्हणाला, "मास्तर, ही लाइन पंख्या-दिव्याची. हीटरला जाड वायर लागते, प्लगही वेगळा लागतो. उद्या सकाळी ओढून देतो. आजची रात्र आईंना दोन पांघरुणं जास्त घाला."

"पण तुमची तार इतकी कच्ची कशी?"

"कच्चीच हवी. ती तुटते म्हणून घर राहतं."

टेलरला ते पटलं नाही. सव्वीस वर्षं त्याने एकच केलं होतं, दोरा तुटला की पदर वाढवायचा. वायरमनची पाठ वळताच त्याने जुन्या इस्त्रीच्या कॉर्डमधून तांब्याची तार काढली, तीन पदर पिळले आणि मेन बंद करून फ्यूजमध्ये घट्ट बसवले. हीटर लालबुंद झाला. आईला ऊब लागली, ती झोपली. तो निवांत इस्त्री करत बसला.

एक वाजून वीस मिनिटांनी अंधार झाला.

टॉर्च घेऊन तो बोळात गेला; मेन आणि फ्यूज तिथेच होते. फ्यूज जमिनीवर उभा होता. पडलेला नव्हे, ठेवलेला. तीन पदरी तार शाबूत. त्याने तो परत बसवला. उजेड आला.

एक चाळीसला पुन्हा अंधार.

फ्यूज पुन्हा जमिनीवर. तसाच उभा. बोळाच्या दाराला आतून कडी होती. ती त्याने दोनदा चाचपून पाहिली.

"कोण आहे?"

...

आतल्या खोलीत आई खोकली. खोली गार पडत चालली होती. त्याने फ्यूज खोचला आणि अंगठ्याने दाबून धरला.

त्याच्या बोटांवर बोटं आली.

थंड नव्हती. पोळत होती. ती फ्यूज बाहेर ओढत होती. तो आत दाबत होता. डोळ्यांपुढे फक्त आई.

मग ती बोटं सुटली.

पावलं वाजली... दाराकडे नाही. आत. आईच्या खोलीकडे.

तो धावला. खोलीत दिवा होता. आई झोपली होती. हीटर पुन्हा लाल होत होता.

पट्टीच्या आत काहीतरी वाजलं. कट्.

हीटर काळा पडला. मग जळक्या रबराचा वास.

त्याने मेन पाडला. आईला उचलून शेजाऱ्यांच्या घरी नेलं. सकाळपर्यंत तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसला.

मामा थांबले. भाचरं आणखी जवळ सरकली.

आठ वाजून दहा मिनिटांनी वायरमनने पट्टी उघडली. तिच्या स्क्रूंवर जुना रंग चढलेला होता, तो कुठेही तडकला नव्हता. आत बोर्डापासून वायरचं आवरण मेणासारखं वितळत गेलेलं. उशीजवळ ते वितळणं एकदम थांबलं होतं. तिथे वायर कापलेली होती आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळलेली होती.

"हे कोणी केलं, मास्तर?"



जळालेली वायर सात फूट. उशीपासून अंतर चार बोटं. टेपचे वेढे एका टोकाला पाच, दुसऱ्याला पाच. टेप नवी होती. आईला काही झालं नाही.