मार्लेनीची काठी

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो फानोर माझा मावसभाऊ. त्याच्या अंगावरच्या खुणा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

जागा कॅली शहरातली. ओब्रेरो वस्तीत ‘ला सेइबा’ नावाचा साल्सा नाचाचा क्लब आहे, तिथली.

वेळ रात्रीची नव्हती. रविवारची भर दुपार होती. बाहेर ऊन रणरणत होतं.

फानोरची बायको मार्लेनी जूनमध्ये गेली. याच क्लबात, तिच्या नेहमीच्या टेबलाशी बसल्या बसल्या.

आमच्याकडे क्लबात नुसतं नाचायला जात नाहीत. ज्याला ताल कळतो, तो घरून आपली घंटा घेऊन जातो. लोखंडी, पोकळ, आत लोलक नसलेली. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हातातल्या काठीने वाजवायची. तबकडी लागली, की गाण्याबरोबर ठोके द्यायचे. मार्लेनीसारखा ठोका वस्तीत कुणाचा नव्हता.

त्या दुपारी तिचा ठोका थांबला. लोकांना वाटलं, दमली. टेबलावर डोकं टेकून बसलीय.

गाणं पूर्ण वाजलं.

मग दुसरं वाजलं.

हे कळलं तेव्हापासून फानोरच्या डोक्यात जाळ झाला होता. साखर कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. बोलणं कमी, राग जास्त. तो स्वतः कधी क्लबात गेला नव्हता. मार्लेनी दर रविवारी विचारायची आणि तो म्हणायचा, “ते थेर तुझे तू कर.”

दफनाच्या वेळी क्लबाची मालकीण ओफिर आली. मार्लेनीची बालपणची मैत्रीण. घंटा वाजवणारा गेला, की त्याची घंटा आणि काठी त्याच्याबरोबर द्यायची, अशी त्या लोकांची रीत. ओफिरने काठी मार्लेनीच्या हातात ठेवली. घंटा ठेवायला वाकली, तेवढ्यात फानोरने ती हिसकावून घेतली.

“ती मरून पडली होती आणि तुम्ही नाचत होतात. आता माझ्या घरची वस्तू तुमच्या नाचापायी मातीत जाणार नाही.”

“अरे, काठी दिलीस आणि घंटा ठेवून घेतोस? असं अर्धं देऊ नये, फानोर.”

“मग काठीही काढ.”

पण पेटीचं झाकण लावून झालं होतं. ते पुन्हा उघडायला कुणी पुढे झालं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ओफिर त्याच्या दारात उभी राहिली. तोंड उतरलेलं होतं.

“ती घंटा दे मला. मी थडग्यापाशी पुरून येते.”

“का?”

“मार्लेनी येतेय क्लबात.”

फानोर हसला नाही. चिडलाही नाही.

“दिसत नाही ती. काठी ऐकू येते. गाणं लागलं की सुरू होते. कधी टेबलाच्या कडेवर, कधी बाटलीवर, कधी जिन्याच्या कठड्यावर. ठोका तिचाच आहे, अरे. आम्ही ओळखणार नाही का? घंटा शोधत फिरतेय ती.”

“कोण ऐकतं?”

“सगळे.”

आता मात्र तो चिडला. घंटेसाठी ही बाई मेलेल्या माणसाला बाजारात उभं करतेय, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, “येतो मी रविवारी. काठी आपटणाऱ्याचा हातच धरतो.”

रविवारी तो गेला. मार्लेनीच्या टेबलाशी बसला. कुणी नाच म्हटलं नाही, कुणी दारू पुढे केली नाही. भिंतीपाशी घंटावाले आपापल्या घंटा मांडीवर पालथ्या घालून बसले होते. एकही वाजवत नव्हता.

तबकडी लागली.

थोडा वेळ काही नाही.

मग नाचणारे थांबले. एकेक करून. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली...

फानोरच्या टेबलाकडे.

एका बाईने छातीवर क्रूस काढला. फानोरसमोर लुलो फळाच्या सरबताचा पेला होता. त्यातलं सरबत हलत होतं. बारीक, तालात.

“ऐकलंस?” ओफिरने हळूच विचारलं.

फानोरला गाणं ऐकू येत होतं. पंखा ऐकू येत होता. बाकी काहीच नाही.

त्याने पेला उचलला आणि भिंतीवर फोडला.

“जन्मभर माझ्याबरोबर राहिली,” तो म्हणाला. “जून महिन्यापासून मी त्या घरात एकटा बसतोय. साधी स्वप्नात आली नाही. आणि येते कुणाकडे, तर तुमच्याकडे? मला का नाही ऐकू येत?”

उत्तर दिलं ते येसिदने. तो तिथला नाच शिकवणारा, चाळिशीचा माणूस, जिभेला हाड नसलेला.

“काका, राग मानू नका. मार्लेनीमावशीचा ठोका गाण्याच्या आत असतो. तुम्हाला गाणं म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. कॅलीत जन्मून नाच न येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. तुम्हाला बघायला तिकीट लावलं पाहिजे.”

“तोंड फोडीन तुझं.”

“फोडा. पण आधी शिकायला या. क्लब उघडण्याआधी वर्ग असतो.”

फानोर शिकायला जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो गेला. दात-ओठ खात गेला, पण गेला.

वर्गात सगळी तरणी पोरं. त्यांच्यात हा, कारखान्यातले जाड बूट घालून. जोडीला ओफिर उभी राहिली. येसिद मोजून दाखवायचा, फानोर भलताच पाय टाकायचा. ओफिरची बोटं दर वेळी तुडवली जायची.

“अरे, जमीन खणतोयस का? हळू.”

“तुझीच बोटं मधे येतात.”

असेच काही रविवार गेले. वर्ग झाला, की तो मार्लेनीच्या टेबलाशी बसायचा. लोक काठी ऐकायचे. त्याला ऐकू यायची नाही. घरी जाऊन तो घंटा कपाटातून काढायचा, बघायचा आणि परत आत टाकून दार आपटायचा.

मग तो रविवार आला.

त्या दिवशी मीही तिथे होतो. फानोरला घरी सोडायचं म्हणून भिंतीशी बसलो होतो. येसिदने तबकडी लावली. वर्गासाठी सावकाश. फानोरने ओफिरचा हात धरला. पहिला पाय चुकला.

...टक्.

मी ऐकलं. भोवतालच्या सगळ्यांनी ऐकलं. पण हा आवाज टेबलावरचा नव्हता. काचेवरचा नव्हता.

जड होता. बसका.

फानोर गर्रकन मागे वळला. एक हात स्वतःच्या खांद्यावर होता.

“कुणी मारलं मला?”

मागे कुणीही नव्हतं. ओफिर सोडली, तर जवळचं माणूसही चार हात लांब.

“काका, काय झालं?”

“कुणीतरी हाडावर मारलं. इथे.” त्याने गळ्याखालचं हाड दाखवलं. “चेष्टा करताय माझी?”

...टक्.

त्याचा खांदा सगळ्यांसमोर खाली दबला. कुणीतरी दाबावा तसा. आणि त्याच वेळी त्याचा पाय पुढे पडला.

बरोबर पडला.

...टक्. दुसरा पाय.

...टक्. मागे.

ओफिरचा चेहरा पांढरा झाला होता. ती हात सोडवायला बघत होती. फानोर सोडत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि पाय मात्र असे पडत होते जसे आमच्याकडे लहानपणापासून नाचणाऱ्यांचे पडतात. गाणं संपेपर्यंत तो एकदाही चुकला नाही.

मग त्याने शर्ट बाजूला केला.

हाडावर चार लाल वळ होते. काठीएवढे रुंद. एकाखाली एक.

“तिचाच हात आहे,” ओफिर म्हणाली. ती रडत होती. “फानोर, हात जोडते. ती घंटा दे. घंटा मिळाली तर ती तुला मारायची थांबेल.”

“म्हणूनच देणार नाही.”

“वेडा आहेस का? ती रागात आहे.”

“असू दे. मीही रागात आहे.” त्याने शर्टाची बटणं लावली. “मला न सांगता गेली ती. एक शब्द न बोलता. हे आमचं नवरा-बायकोचं आहे, ओफिर. तू मधे पडू नकोस.”

त्यानंतर टेबलावर काठी वाजली नाही. बाटलीवरही नाही. घंटावाल्यांनी पुन्हा आपल्या घंटा उचलल्या. क्लबातल्यांना हायसं वाटलं.

फानोर एकही रविवार चुकवत नाही. आता तो वर्गाला जात नाही, सरळ नाचायलाच येतो. त्याच्याभोवती लोक गोल करून टाळ्या वाजवतात. “म्हातारपणी काय पाय फुटलेत याला,” असं बायका म्हणतात. नवख्यांना वाटतं, किती रमलाय हा माणूस. त्यांना खुणा ठाऊक नाहीत.

आमच्याकडे जुन्या तबकड्या मुळापेक्षा जास्त वेगाने लावायची पद्धत आहे. पाय तसेच झपाझप पडायला हवेत. येसिद मात्र फानोर आला, की वेग कमी करतो. घाबरतो तो. गेल्या रविवारी फानोर सरळ त्याच्या तबकडीच्या यंत्रापाशी गेला, त्याला बाजूला सारलं आणि वेग स्वतःच्या हाताने वाढवला.

“काका, नको ना,” येसिद म्हणाला. “हाड मोडेल.”

“तुझं मोडतंय का?”

तो नाचला. भिंतीपाशी वाजणाऱ्या घंटांमधूनही मला तो बसका आवाज ऐकू येत होता. गाण्यापेक्षा जोरात. पूर्वी नुसते ठोके वाटायचे. आता त्यात कुणाचा तरी संताप वाटत होता.

गाणं संपल्यावर मी त्याला धरून बाहेर उन्हात आणलं. त्याला धाप लागली होती. त्याची कॉलर उघडी होती. गळ्याखालचे जुने वळ काळेनिळे पडले होते. त्यांच्या वर, मानेवर, नवे वळ. त्याच्याही वर, जबड्याच्या कोपऱ्यावर एक. ताजा.

खालून वर चढत आलेले.

“हे थांबव रे,” मी म्हणालो. “मारून टाकेल ती तुला.”

फानोरने घाम पुसला. खूप दिवसांनी तो माझ्याकडे बघून हसला.

“अजून ऐकू येत नाही मला ती,” तो म्हणाला. मग त्याने जबड्यावरच्या वळावर बोट ठेवलं आणि तिथून कानापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. “पण जवळ आलीय.”

परवा पुन्हा रविवार आहे. त्याने मला सोबत बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.