शेवंतीच्या खुरावरची तारीख

घोडा कशावर चालतो, असं कुणी विचारलं तर तुम्ही पटकन म्हणाल, चार पायांवर. सगुणा आखाडेही अकरा वर्षं असंच समजत होती, आणि तिचा तर जन्मच घोड्यांच्या घरातला. खरं उत्तर तिला कळलं ते सन २०६१ च्या दिवाळीनंतर. पण ते कळेपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झालं असं. माथेरानच्या डोंगरावर तेव्हाही मोटारींना बंदी होती. किराणा ड्रोनमधून यायचा, वाटेवरच्या पाट्या विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या, पण माणसाला फिरायचं तर स्वतःचे पाय नाहीतर घोडा. सगुणाच्या आजाची, म्हणजे बाबाजी आखाड्यांची, शेवंती नावाची तांबूस घोडी होती. डोंगरावर तिच्यासारखी गुणी घोडी नाही, असं आजा म्हणायचा. आता प्रत्येक घोडेवाला आपल्या घोडीबद्दल हेच म्हणतो, ते सोडा. पण शेवंती खरोखरच शहाणी होती.

ही शहाणी घोडी आठवडाभर विचित्र चालत होती. धड लंगडतही नव्हती. पाय आखडते घ्यायची, भर उन्हात अनवाणी माणूस डांबरावरून चालतो तशी. उभी राहिली की पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकायची आणि सगळा भार मागे घ्यायची. आजाने चारही खूर उचलून पाहिले. खडा नाही, काटा नाही, नालाचा एक खिळा हललेला नाही. मग या बयेला दुखतंय तरी काय?

एरवी आजाने चार दिवस वाट पाहिली असती. पण पंधरा दिवसांवर वार्षिक तपासणी आली होती. खूरसमितीपुढे प्रत्येक घोड्याने शंभर पावलं सरळ चालून दाखवायची, असा नियम होता. जो चालणार नाही त्याचा परवान्याचा बिल्ला काढून घ्यायचा आणि त्याची रवानगी डोंगराखालच्या कुरणात करायची, ती कायमची. शेवंती गेली तर आजा या वयात दुसरी घोडी घेणार नव्हता. आणि सगुणाला तर शेवंतीशिवायचं घर डोळ्यांपुढेच येत नव्हतं.

शेवटी तिने घोड्यांच्या दवाखान्यातून खराराभाऊला बोलावून आणलं. खराराभाऊ म्हणजे चार हातांचा यंत्रमानव. कागदोपत्री त्याला नाव नव्हतंच, नुसता आकडा होता. पण घोड्याच्या अंगावर ब्रश फिरवण्याला, म्हणजे खरारा करण्याला, त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून पोरांनी त्याचं हे बारसं केलं होतं. गुणी होता, पण स्वतःच्या हुशारीचा भारी तोरा. आल्या आल्या त्याने चारही खुरांची छायाचित्रं काढली, उष्णताडोळा (कुठला भाग किती गरम आहे हे दाखवणारा कॅमेरा) रोखला आणि जाहीर केलं की पुढचे दोन खूर जरा गरम आहेत, बाकी खुरात दोष नाही. तपासणी संपली.

आजा हसला. "खूर काय एकटा हिंडतो होय रे? त्याच्यावर घोडी आहे की अख्खी. ती कोण बघणार?"

मग आजाने शेवंतीच्या पायाच्या मागे, खुराच्या जरा वर, दोन बोटं टेकवली आणि खराराभाऊलाही एक बोट तिथे ठेवायला लावलं. आत नाडी ताडताड उडत होती. निरोगी घोड्याची तिथली नाडी शोधून सापडत नाही. दुखणं बाहेरून टोचलेलं नाही, आतून आलंय, असं आजाचं म्हणणं. खराराभाऊने तोरा बाजूला ठेवून दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना पडद्यावर बोलावलं. बाईंनी सूज उतरवणारं औषध सांगितलं, शेवंतीला मऊ वाळूवर उभं करा म्हणाल्या. पण हे मुळात झालं कशामुळे, ते शोधा. नाहीतर औषध संपलं की पुन्हा तेच.

आणि इथे गाडी अडली. खराराभाऊला खुराची बाहेरची भिंत बघायची होती, आणि ती दिसतच नव्हती. आखाड्यांच्या घरची रीतच तशी होती. रोज सकाळी तिळाच्या तेलात चुलीची काजळी खलायची आणि खुरांना चोपडायची. खूर असे लखलखायचे की पर्यटक आधी शेवंतीकडेच वळायचे. पाच पिढ्यांचा मान होता तो. खुरांवरचं काळं धुऊन काढा म्हटल्यावर आजाचा चेहराच उतरला. आखाड्यांची घोडी चारचौघांत उघड्या खुरांनी उभी राहणार नाही, असं तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

सगुणाने वाद घातला नाही. तिने रिठ्याचं पाणी केलं, चिंधी घेतली आणि शेवंतीच्या पायाशी बसून घासायला लागली. आजा बघत राहिला, पण नको म्हणाला नाही.

काळं उतरलं तसा खाली फिकट तपकिरी खूर दिसू लागला. आणि त्यावर मधोमध एक आडवी रेघ होती. बोट फिरवलं तर उंचवटा लागत होता. दुसरी अगदी वर, केसांच्या कडेशी, नुकती उमटायला लागलेली.

खराराभाऊला एकदम स्फुरण चढलं. त्याने सगुणाला मधलं बोट जमिनीला टेकवायला सांगितलं. घोडा असाच चालतो, म्हणाला. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजांना पायाला पुष्कळ बोटं होती. पळता पळता बाकीची आखडत गेली, मधलं तेवढं उरलं. म्हणजे शेवंती प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभी आहे आणि खूर हे त्या बोटाचं नख आहे. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात त्याच केराटिनचं (अंगात तयार होणाऱ्या एका चिवट पदार्थाचं). सगुणाने शेवंतीच्या प्रचंड धुडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. तिला हसूच आलं.

"नख वाढतं कुठून?" खराराभाऊने विचारलं.

मुळातून, सगुणा म्हणाली. मेंदी लावली की ती हळूहळू टोकाकडे सरकते, हे तिला ठाऊक होतं. खूरही तसाच वरून खाली उतरतो, खराराभाऊने सांगितलं, महिन्याला साधारण नऊ मिलिमीटर. अंगाला काही सोसावं लागलं, ताप आला, खाणं बिघडलं, की त्या दिवसांत वाढणारा भाग वेडावाकडा येतो आणि त्याची रेघ उमटते. मग ती रेघ खुराबरोबर खाली सरकत जाते. सगुणाने दप्तरातून पट्टी काढली. केसांपासून रेघेपर्यंत बरोबर पाच सेंटिमीटर. म्हणजे पन्नास मिलिमीटर, भागिले नऊ. साडेपाच महिने. नोव्हेंबरच्या मध्यातून मागे मोजत गेलं तर मे महिन्याचा शेवट.

"मेच्या शेवटी हिच्या बाबतीत काय बदललं?" खराराभाऊने आजाला विचारलं.

आजा विचारात पडला. चारा तोच, पाणी तेच, वाटाही त्याच. माझंच काहीतरी चुकलं असणार, तो म्हणाला, वय झालं आता, लक्ष राहत नाही. असं म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

सगुणाला ठाऊक होतं काय बदललं ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनेच शेवंतीला शिकवलं होतं, चिक्की दिली की मान तीनदा लववून आभार मानायचे. पर्यटक खुळावले. जो येईल तो चिक्कीचं पाकीट फोडायचा. शेंगदाण्याची, तिळाची, काजूची. दिवसाला वीस-पंचवीस वड्या सहज व्हायच्या. पाऊस लागला, गर्दी ओसरली, खेळ थांबला. दिवाळीत पुन्हा सुरू झाला, वर करंज्यांची भर. गप्प बसली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. पण आजा स्वतःलाच दोष देत बसला होता, ते तिला बघवेना.

"आजा, तुझं नाही चुकलं. मी चिक्की चारली तिला. रोज." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

आजाने तिला जवळ ओढलं आणि डोक्यावर हात फिरवत राहिला. मग म्हणाला की संध्याकाळी लाडाने गुळाचा खडा तोही द्यायचा, आणि ती रेघ सहा महिने काजळीखाली कुणी दाबून ठेवली ते तर विचारूच नका. दोघंही सारखेच अपराधी निघाले, तेव्हा रडण्यात अर्थ उरला नाही.

पण पोटात गेलेली चिक्की खुराला कशी बाधते? हे कोडं राहिलंच होतं. खराराभाऊने सगुणाच्या दोन वह्या मागितल्या, आणि तिने एकीचं पान, त्यावर दुसरीचं पान, पुन्हा पहिलीचं, अशी सगळी पानं एकमेकांत गुंतवली. मग एक वही आजाने धरली, एक तिने. दोघांनी जीव खाऊन ओढलं, वह्या सुटल्या नाहीत. डिंक नाही, दोरी नाही, नुसती पानं.

बोटाचं हाड आणि खुराची भिंत अशीच जोडलेली असते, खराराभाऊने सांगितलं. हाडाकडून शेकडो कोवळे पदर, भिंतीकडूनही तितकेच, एकमेकांत गुंतलेले. वह्यांच्या पानांपेक्षा कितीतरी पक्के, कारण ते जिवंत असतात आणि त्यांना रक्त लागतं. अख्ख्या घोडीचं वजन त्या पदरांना टांगलेलं असतं. घोड्याचं पोट बनलंय गवतासाठी. त्याच्या लांबलचक आतड्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) गवत पचवत बसलेले असतात. तिथे साखरेचा लोंढा आला की त्यांची घडी विसकटते, अंगाचा साखरेचा तोल जातो, आणि त्याचा ताप नेमका त्या पदरांना होतो. ते सुजतात. पायाला सूज आली तर आपण चप्पल काढून ठेवतो. शेवंती खूर काढून कुठे ठेवणार?

सगुणाने शेवंतीच्या मानेला मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

तपासणीच्या दिवशी शेवंतीचं दुखणं पुष्कळ उतरलं होतं, पण शंभर पावलं तिला झेपणार नव्हती. चालवायचीच नाही, असं सगुणाने ठरवलं. समितीपुढे तिने घोडी आणली ती धुतलेल्या, उघड्या खुरांनी. जमलेल्या घोडेवाल्यांत कुजबुज सुरू झाली. आखाड्यांची घोडी, आणि ही दशा? आजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो लगाम धरून ताठ उभा राहिला. सगुणाने पट्टी लावून दोन्ही रेघा दाखवल्या, चिक्कीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली आणि म्हणाली, "हिचा बिल्ला काढू नका. नवा खूर वरून उतरतोय. तो जमिनीला टेकेपर्यंत आम्हाला वेळ द्या."

समितीच्या अध्यक्ष यास्मिन नालबंद होत्या. आयुष्य घोड्यांत गेलेली बाई, सहसा हसत नसे. त्यांनी स्वतः खाली बसून रेघा मोजल्या, एकदा नव्हे, दोनदा. मग निकाल दिला. वर्षभराची मुदत, तोवर पाठीवर माणूस बसवायचा नाही, आणि पुढच्या वर्षी शंभर पावलं चुकली तर कुणाचं काही ऐकलं जाणार नाही.

ते वर्ष मोठं गमतीचं गेलं. चिक्की बंद, गूळ बंद. वाळलेलं गवत तासभर पाण्यात भिजवायचं, म्हणजे त्यातली साखरही पाण्यात उतरते. सकाळ-संध्याकाळ खूर उकरून साफ करायचे. दर पाच आठवड्यांनी वाढलेली कड कानशीने घासून समतोल करायची, उगाच वाढू द्यायची नाही. दुखणं थांबल्यावर मऊ मातीवरून थोडं थोडं चालवायचं, कारण चालताना खूर टेकला की किंचित फाकतो, उचलला की मिटतो, आणि त्याने रक्त खेळतं राहतं. बसून राहिलेल्या घोड्याचा खूर भुकेला राहतो, असं खराराभाऊ म्हणायचा. आता तो आधी सगळा घोडा बघायचा आणि मग खूर. पर्यटक चिक्की घेऊन आले की सगुणा त्यांच्या हातात ओल्या गवताची जुडी द्यायची. शेवंती गवतालाही तीनदा मान लववायची, काही बिघडलं नाही.

दर रविवारी सगुणा दोन्ही रेघा मोजून भिंतीवर टिपायची. बघता बघता इतर घोडेवाल्यांची पोरंही पट्ट्या घेऊन आपापल्या घोड्यांच्या पायाशी बसू लागली. तीन घोड्यांच्या रेघा दुखणं सुरू व्हायच्या आतच सापडल्या, आणि ते तिन्ही घोडे एक दिवसही लंगडले नाहीत. दवाखान्यात सगुणाच्या नोंदींवरून एक नवं यंत्र तयार व्हायला लागलं, रोज खूर मोजून धोका महिनाभर आधी ओळखणारं. ते डोंगराडोंगरांवर पाठवायचा बेत होता.

पुढच्या तपासणीच्या सकाळपर्यंत पहिली रेघ घासून कधीच नाहीशी झाली होती. दुसरीही आठवड्यापूर्वी जमिनीला टेकली आणि कानशीखाली गेली. वरपासून खालपर्यंत खूर सरळ, गुळगुळीत. आजाने लगाम सगुणाच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाला. त्याच्याने बघवत नव्हतं म्हणे.

सगुणा मनातल्या मनात मोजत चालली. दहा. वीस. शेवंतीचा पाय ऐटीत पडत होता. पन्नासला सगुणाने मागे वळून पाहायचं टाळलं. नव्वद झाली, शंभर झाली, आणि यास्मिन नालबंदांनी बस म्हणून हात वर केला. पण शेवंती थांबायला तयार नव्हती. वर्षभर हळूहळू चालून कंटाळलेली ती घोडी लाल मातीवरून दुडक्या चालीने निघाली. लगाम धरून सगुणा तिच्याबरोबर पळत सुटली आणि मागून आजा मोठमोठ्याने मोजत होता, एकशे वीस, एकशे एकवीस, एकशे बावीस.