सगळ्यांचं पोर

सहलीला गेलेली बस परतायला उशीर होता. शाळेच्या बसेस उभ्या असतात त्या शेडमध्ये काही जण शेकोटी पेटवून बसले होते. दोन नवे ड्रायव्हर, पोरांना बसमध्ये चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दोन मुली, आणि मध्ये म्हातारा ड्रायव्हर. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

"उस्ताद, काहीतरी सांगा ना. झोप येतेय."

"झोप यावी म्हणून सांगू, का उडावी म्हणून?"

"उडावी म्हणून!"

"मग मध्ये खिदळायचं नाही. हे मी पेपरात वाचलेलं नाही. माझ्या बसवर एक ताई होती, तिच्या घरात घडलंय. तिची जीभ म्हणजे कात्री. पण बापजन्मात खोटं बोलली नाही. आता गप ऐका."

आणि त्याने सुरू केलं.

थंडीची सुट्टी लागली की ताईला पहिलं काम ठरलेलं. मंडपवाल्याकडून भाड्याच्या गाद्या आणायच्या. त्या वर्षीही सासूबाईंनी पाठवलं. ताईने टेम्पोवाल्याशी घासाघीस केली, गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या आणि काठीने अशा झोडपल्या की शेजारीण म्हणाली, "अगं, कोणाचा राग काढतेस?"

"येणार आहेत त्यांचा," ताई म्हणाली.

आणि आलेच सगळे. दीर, जावा, नणंदा, त्यांचे नवरे, आणि पोरं... पोरांचं तर पीकच. घर दुमजली. खाली मोठा हॉल, हॉलच्या बाजूने खोल्या, मागे लांबलचक अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. वरच्या मजल्यावरही एक संडास होता, सासूबाईंच्या खोलीला लागून. पण रात्री पोरांनी जिना वाजवत वर यायचं नाही, असा म्हातारीचा हुकूम. पोरांनी मागच्या अंगणातच जायचं.

म्हातारीचा दुसरा हुकूम याहून कडक. या घरात पोराला माझं-तुझं म्हणायचं नाही. फार पूर्वी दोन जावा दुधाच्या पेल्यावरून भांडल्या होत्या, तुझ्याला साय आणि माझ्याला पाणी म्हणून. घर फुटता फुटता राहिलं. तेव्हापासून जिच्या तोंडून 'माझा' किंवा 'तुझा' निघेल तिने त्या दिवशी सगळ्या घराची भांडी घासायची. पोरांनाही शिकवून ठेवलेलं. कोणी विचारलं, "कोणाचा रे तू?" की पोरांनी ओरडायचं, "सगळ्यांचा!" पाहुणे खूश व्हायचे. म्हातारीचा ऊर भरून यायचा.

ताईला मात्र हे कधी पचलं नाही. पचणार कसं? बसवर तिचं कामच उलटं. स्टॉपवर कोणीही येऊन उभं राहिलं म्हणून ती पोराचा हात सोडायची नाही. पोराला म्हणायची, "हाक मार." पोराने हाक मारली आणि समोरच्याने ओ दिली, तरच तिची मूठ उघडायची. मी घाईने हॉर्न वाजवायचो तर म्हणायची, "उस्ताद, तुम्ही स्टेअरिंग सांभाळा, मी पोरं सांभाळते."

तर रात्री सगळी पोरं हॉलमध्ये एका रांगेत झोपायची. मागच्या दाराशी एक बाई झोपायची, पाळीपाळीने. पोर उठलं की तिने अंगणात न्यायचं.

पहिली पाळी ताईचीच. दिवसभर राबून ती मेल्यासारखी झोपली होती. मध्येच कोणीतरी तिचा खांदा हलवला.

"शू लागली."

लहान मुलगा. अंगावर घोंगडीसारखं काहीतरी. हॉलमध्ये काळोख आणि ताईचे डोळे अर्धे मिटलेले. तिने कडी काढली, त्याचा हात धरला, अंगण ओलांडलं. हात गार होता. थंडीच तशी होती. तो आत गेला. ही बाहेर भिंतीला टेकून पेंगत उभी.

बराच वेळ झाला.

"आटपलं का रे?"

तिने दार ढकललं. आत कोणी नव्हतं. आपल्याला डुलकी लागली तेवढ्यात पोर पळालं असणार, असं म्हणून ती परतली. हॉलमध्ये सगळी पोरं डोक्यावरून पांघरूण घेऊन गपगार. चार शिव्या मनातल्या मनात देऊन तीही झोपली.

सकाळी चहाच्या वेळी ती धाकट्या जावेला म्हणाली, "तुझ्या दिवट्याला सांग, मला थंडीत उभं करून पळून यायचं नाही."

धाकटी चमकली. "तो कुठे खाली होता? कान दुखत होता त्याचा. रात्रभर माझ्या कुशीत होता."

"मग कोण होतं?"

नणंद हसली. "वहिनी, सुट्टीतसुद्धा बस चालू आहे का तुमची? घरातल्या पोरांचीही हजेरी घेणार आता?"

"आणि 'तुझ्या' म्हणालात," धाकटी म्हणाली. "भांडी तुमची."

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. नुसता चहा ढवळत राहिल्या.

भांडी घासता घासता ताईच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. धाकटी खोटं बोलतेय. तिचं पोर अंथरूण ओलं करत असणार आणि ही बया झाकतेय. पण एक गोष्ट काही केल्या बसेना. घरातलं कुठलंही पोर तिला उठवताना काकू म्हणेल, मामी म्हणेल. तिची स्वतःची चिंगी आई म्हणेल. हा काहीच म्हणाला नव्हता.

दुसऱ्या रात्री धाकटीची पाळी. सकाळी उठून बघतात तर मागचं दार सताड उघडं. सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. चोर शिरला असता तर? धाकटी रडकुंडीला आली आणि ताईकडे बोट करून म्हणाली, "यांच्याच चिंगीला घेऊन गेले होते मी! ती संडासातून बाहेर येईना. मी किती हाका मारल्या. मग बघते तर आत नाहीच. घाबरून धावत आले, तर ही आपली अंथरुणात! त्या धांदलीत राहिली कडी."

"चिंगीच होती? तोंड पाहिलंस?"

धाकटीचं बोट खाली आलं.

"काळोखात कोण तोंड बघतं, वहिनी? पोर म्हणालं शू, मी उठले."

ताईने चिंगीला बाजूला घेतलं. सहा वर्षांची पोर. सुट्टी लागल्यापासून चुलत-आते भावंडांत रमलेली, आईकडे ढुंकून बघायची नाही.

"चिंगे, रात्री काकूबरोबर गेली होतीस?"

"मी नाही. तो गेला होता."

"तो कोण?"

"तोच गं. शेवटच्या गादीवरचा."

"कोणाचा आहे तो?"

चिंगीने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "सगळ्यांचा."

मग हळूच म्हणाली, "आई, त्याला ना, तिथे एकट्याला करमत नाही. आज मला बोलावलंय त्याने."

ती नवऱ्याकडे गेली. नवरा म्हणाला, "पोरांचा खेळ असतो, तू पण ना!" ती नणंदेकडे गेली. नणंद म्हणाली, "तुम्हाला आम्ही आलेलं खुपतंय, सरळ सांगा की." शेवटी ती वर सासूबाईंकडे गेली.

"आत्या, चिंगीला मी आज माझ्या खोलीत घेते."

"मग बाकीची काय परकी आहेत?" म्हातारी म्हणाली. "या घरात पोरं वेगळी निजत नाहीत."

"पण आत्या, रांगेत एक..."

"रांगेत काय?"

म्हातारीची नजर अशी होती की ताईने पुढचं गिळलं. जिना उतरताना तिच्या मनात आलं, हिला ठाऊक आहे. काय ते नाही कळलं. पण हिला काहीतरी ठाऊक आहे.

ती रात्र सत्तावीस डिसेंबरची. शुक्रवार. पाळी नणंदेची होती. ताईने तिला सांगितलं, "तुम्ही झोपा, आज मी." चिंगीला तिने आपल्या गादीवर घेतलं. पांघरुणाखाली तिचा हात आपल्या मुठीत धरला. स्टॉपवर धरायची तसा. घट्ट. आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

घर हळूहळू निजलं. वरच्या मजल्यावर म्हातारी खोकली. मग तेही थांबलं.

रांगेच्या टोकाला एक पांघरूण हललं.

कोणीतरी उठून बसलं.

ताईने चिंगीचा हात आणखी घट्ट धरला.

पावलं वाजली नाहीत. पण ते जवळ आलं. तिच्या पायांपाशी उभं राहिलं. उंची चिंगीएवढी. बाकी काळोख.

"शू लागली."

ताई हलली नाही.

"शू लागली ना."

"कोणाचा रे तू?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"सगळ्यांचा."

"तसं नाही. खरं सांग."

ते तिथेच उभं.

आता बघा, माणूस घाबरला की रोजचीच सवय पुढे येते. ताईच्या तोंडून स्टॉपवरचं वाक्य निघालं.

"आईला हाक मार. ओ दिली तर मानते."

मग त्याने हाक मारली. मोठ्याने नाही. झोपेतून उठलेलं पोर मारतं तशी.

"आई..."

आणि डावीकडच्या खोलीतून झोपाळू आवाज आला, "ओ..."

उजवीकडून नणंद, "ओ, आले हं..."

धाकटी, "ओ..."

त्या घरात कुठलंही पोर हाक मारायचं आणि कुठलीही आई ओ द्यायची. तीच तर सवय लावलेली. आवाज येतच राहिले. आणि सगळ्यात शेवटी, वरून, जिन्याच्या तोंडाशी. म्हातारा आवाज. झोपेतला नव्हता तो.

"ओ, बाळा."

आणि ताईची मूठ उघडली.

तिने उघडली नाही, पोरांनो. ती आपोआप उघडली. इतकी वर्षं ओ ऐकली की हात सोडायचा. हाताला काय कळतंय?

क्षणभरच. लगेच तिने परत पकडला. पांघरुणाखाली छोटा हात होता. होता...

गार होता.

ओला होता.

तिने दुसऱ्या हाताने मोबाईल चाचपला. उजेड पाडला. शेजारी चिंगी नव्हती. पांघरुणाखाली कोणीच नव्हतं. तिची मूठ मात्र आवळलेली. मागचं दार सताड उघडं.

ती धावली. अनवाणी. अंगणाच्या टोकाला चिंगी उभी होती. संडासाबाहेर, भिंतीला टेकून. या बायका उभ्या राहायच्या तशी.

"चिंगे!"

"श्श. तो आत आहे. त्याचं झालं की मी जाणार."

"कुठे जाणार?"

"आत."

दार आतून हळूहळू उघडायला लागलं... कुरकुर नाही. काही नाही. नुसतं उघडत होतं.

ताईने पोरीला कमरेवर उचललं आणि त्या घरात आजवर कोणी ओरडलं नव्हतं ते ओरडली.

"माझी आहे ही! माझी! आणखी कोणाची नाही, माझी एकटीची आहे!"

दार थांबलं.

आतून आवाज आला. रडवेला नव्हता. नुसतं विचारत होता.

"मग मी?"

...

ताई पोरीला घेऊन मागे सरकली.

दार लागलं. आतली कडी सरकल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

तिच्या ओरडण्याने घर उठलं. दिवे लागले. पुरुष काठ्या घेऊन आले. दार आतून बंदच होतं. हाका मारल्या, धक्के दिले, शेवटी पहारीने कडी तोडली. आत काही नव्हतं. खिडकी नाही, झरोका नाही, मांजर जाईल एवढी फटसुद्धा नाही. नवरा तिच्याकडे बघायला लागला. बाकीचेही बघायला लागले, बाई वेडी झाली की काय म्हणून. नणंद कुजबुजलीच, "हिनेच काहीतरी केलं असेल."

"आणि ओ तुम्ही दिलीत ती?" ताई म्हणाली.

नणंदेला आठवेना. धाकटीला आठवलं.

शेकोटीत लाकूड तडकलं तशी एक मुलगी दचकली.

"उस्ताद, मग सकाळी?"

"सकाळ व्हायला अवकाश होता. ताई पोरीला सोडेना. एक हात पोरीभोवती आणि दुसऱ्याची मूठ अजून आवळलेली. तिला उघडताच येईना. धाकटीने एकेक बोट सोडवलं."

"काय होतं?"

"दुधाचा दात. नुकता पडलेला. मुळाशी रक्त ओलं."

"चिंगीचा?"

"पहिलं तेच पाहिलं. चिंगीचे सगळे जागच्या जागी. मग सगळ्या पोरांना उठवून ओळीत बसवलं, टॉर्च मारून एकेकाचं तोंड बघितलं. कोणाचा हलतसुद्धा नव्हता. सगळे एकमेकांना विचारायला लागले, कोणाचा, कोणाचा."

उस्तादने शेकोटीत काटकी सरकवली.

"सासूबाई जिना उतरून आल्या. त्यांनी नाही विचारलं. धाकटीच्या हातातून दात घेतला, शालीच्या टोकाने पुसला... आणि 'माझा' म्हणत टोकाला गाठ मारली."