कोल्ह्याचं छप्पर

राजेंद्र वाहूळ गारखेड्यातल्या मेघा पगारेच्या ऑफिसात शिरले तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. कचरूमामा पेपरातल्या शब्दकोड्याशी झटत बसले होते. मामा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आणि भाचीने तपासाचा धंदा काढल्यापासून स्वतःला तिचे भागीदार समजणारे. खरं तर डोक्यावर ठेवलेला स्वतःचा चष्मा शोधायलाही त्यांना भाचीच लागायची.

"जयभीम," वाहूळ म्हणाले आणि उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या गाडीचं छप्पर चोरीला गेलं."

मामांना जीपची ताडपत्री वाटली. तसलं छप्पर शहागंजात तासाभरात शिवून मिळतं, असा सल्लाही त्यांनी दिला. वाहूळ हसले नाहीत, तेव्हा मेघाने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

वाहूळांचा चिकलठाण्याला कारखाना होता. नऊ वर्षांपासून तिथे रणगाडे फोडणारी एक गाडी घडत होती. कामगारांनी तिचं नाव कोल्हा ठेवलं होतं. रणगाड्याशी समोरासमोर भिडण्याचं बळ तिच्यात नव्हतं. झुडपाआड दबा धरायचा, एक नेमका गोळा टाकायचा आणि पळ काढायचा, एवढंच तिचं काम. उद्या सकाळी ट्रेलर येऊन तिला राजस्थानात नेणार होता. सहा महिने सैनिक तिला वापरून पाहणार आणि मग लष्कर काय ते ठरवणार. छताचं काम वेल्डर कारभारींनी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी उरकलं म्हणूनच ही तारीख गाठता आली होती. आणि आज पाहतात तर छताचा चिलखती पत्रा गायब.

काल सुट्टी होती. आत फक्त तिघं आली होती: कारभारी, स्टोअर सांभाळणारे बद्रीनाथ आणि डिझाइन इंजिनिअर सृष्टी. गेटमधून काहीही बाहेर गेलं नाही, असं वॉचमन शपथेवर सांगत होता.

"संशय सृष्टीवर आहे," वाहूळ म्हणाले. "या पातळ छताखाली माणसं बसवू नका, असं तिनं महिन्याभरापूर्वी मला लेखी दिलं. आमचं भांडण झालं. संध्याकाळपर्यंत पत्रा मिळाला नाही तर मला तिचं नाव पोलिसांना द्यावं लागेल. सकाळी सगळ्यांसमोर मी तसं बोललोय."

"वय काय तिचं?"

"सव्वीस."

मेघाने पर्स उचलली. लष्कराच्या सामानाची चोरी एकदा नावाला चिकटली की ती पोर जन्मभर खुलासे देत फिरणार, हे मामांनाही कळलं. ते कोडं अर्धवट सोडून उठले.

कोल्हा शेडच्या मधोमध उभा होता. जेमतेम खांद्याएवढा उंच, पुढे लांब नळीची तोफ, आणि वरून सताड उघडा. मेघा आधी वर चढली. छत ज्या चोवीस बोल्टांनी आवळलेलं होतं, ते सगळे बोल्ट आपापल्या भोकांत हाताने फिरवून परत बसवलेले होते. प्रत्येकाला तेलाचं बोट लागलेलं होतं.

मामांनी आत वाकून सीट चाचपली आणि हात झटकन मागे घेतला. बोटातून रक्त आलं होतं. सीटच्या फटीतून त्यांनी ओढून काढला तो लोखंडाचा लांबलचक, चकचकीत वळसा, पेन्सिल तासल्यावर निघतो तसा.

"कारखाना हाय का काटेरी कुंपण?" मामा कुरकुरले. मेघाने तो वळसा रुमालात बांधून ठेवला.

गाडीच्या पुढच्या बाजूला एक जवान चालकासमोरची काच पुसत होता. तो कडुबा, कन्नड तालुक्यातला, लष्कराने गाडी शिकायला पाठवलेला चालक. उद्यापासून कोल्हा त्याच्याच हाती असणार होता. परवा दुपारी तो गाडीतच आडवा झाला होता, तेव्हा कारभारीबाबांनी त्याला पाणी आणून दिलं होतं. लेकरं किती, असं विचारलं होतं. बाबांना वाटत होतं की गाडी नुसती दाखवायला नेतायत आणि आठवड्यात परत आणणार. नाही, सहा महिने आम्ही तिच्यातच राहणार आणि तिच्यातच झोपणार, असं कडुबाने हसून सांगितलं होतं.

सृष्टी रडून झाली होती, आता नुसती चिडलेली होती. मेघाने छताबद्दल विचारलं तसा तिचा सूर बदलला. पहिल्या कोल्ह्याला फिरता बुरूज होता. तो उंच आणि जड झाला, कुठं लपेना. दुसऱ्याचा बुरूज काढला, वजन वाचवायला छतही काढलं. जगात पूर्वी अशा गाड्या उघड्याच असायच्या, आणि वरून तोफगोळ्यांचे तुकडे पडून त्यातली माणसं मरायची. आता तर वरून ड्रोन येतात. म्हणून तिसऱ्याला छत आलं, सहा मिलिमीटरचं.

"मला आठ हवं होतं. सर म्हणाले वजन वाढेल," ती म्हणाली. "पण सहाचं असलं तरी ते चिलखत आहे. साधं ड्रिल त्यावर जळून जातं. खास ड्रिल लावलं तर रव्यासारखा बारीक चुरा पडतो. छत दोन तुकडे जोडून केलंय. वेल्डिंगआधी ते तापवावं लागतं आणि नंतर झाकून हळूहळू निववावं लागतं. नाहीतर जोडाशी चीर जाते, तीसुद्धा कधी कधी दुसऱ्या दिवशी."

"या पत्र्याला भोकं पाडली होती?"

"मागच्या आठवड्यात, अँटेनासाठी. कारभारीकाकांनी पाडली, मी जेवायला गेले होते."

बद्रीनाथांना पत्र्यापेक्षा स्वतःची काळजी जास्त होती. सहा एमएमची एक साधी लोखंडी शीट महिनाभर हिशोबात कमी भरत होती. आपण ते आपणहून कळवलं होतं, पण कोल्ह्याच्या घाईत कुणी लक्ष दिलं नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

शेवटी कारभारी. वेरूळजवळच्या एका वस्तीवरचे. बाप मेंढरं राखायचा, हे मात्र तीस वर्षं वेल्डिंग करत आलेले. तीस वर्षांत त्यांचा एक जोड कधी परत आला नाही, हे कारखान्यातलं कुणीही अभिमानाने सांगायचं. त्यांनी चहा मागवला. मामांनी आपला कप समोरच्या लोखंडी वेल्डिंग टेबलावर ठेवला आणि कौतुकाने म्हणाले, "टेबल लई लख्ख ठेवलंय तुम्ही." कडेने पकडी, हातमोजे, अँगलचे तुकडे मांडलेले होते. मधला भाग आरशासारखा साफ होता.

कारभारींनी काल फक्त हत्यारं आवरली होती, एवढंच त्यांचं म्हणणं. मेघाने कप खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "अजून काही सांगायचं आहे का?"

त्यांनी हातातली वेल्डिंगची काळी काच बाहीने पुसली. "नाय ताई. काय असणार?"

तीन वाजता मेघाने सगळ्यांना त्या टेबलाभोवती बोलावलं. संध्याकाळ व्हायच्या आत सृष्टीचं नाव मोकळं करायचं होतं. नाहीतर ज्याने केलं त्याने आपणहून बोलावं म्हणून तिने आणखी थोडी वाट पाहिली असती, असं ती पुढे मामांना म्हणाली.

"पत्रा गेटबाहेर गेला नाही, म्हणजे आतच आहे," तिने सुरुवात केली. "ज्याने काढला त्याने चोवीस बोल्ट परत लावून ठेवले, आटे खराब होऊ नयेत म्हणून. चोराला बोल्टांची काळजी नसते. हे ज्याने गाडी हाताने घडवली त्याचं काम आहे."

"सृष्टीनेही घडवलीय," वाहूळ म्हणाले.

"कागदावर. आणि तिला गाडी थांबवायची होती ते तिने सही करून सांगितलं. जो उघड सांगतो त्याला लपवायची गरज नसते. आता हे बघा." तिने रुमाल उघडला. "अँटेनाच्या भोकाखालच्या सीटवर सापडलं. सृष्टी, चिलखतातून असा वळसा निघेल?"

सृष्टीने तो बोटांत धरला आणि तिचा चेहरा उतरला. "नाही. हे साधं लोखंड आहे."

"बद्रीनाथांची हरवलेली शीट. म्हणजे कोल्ह्यावर चिलखत नव्हतंच. आणि मामा, वेल्डिंगच्या टेबलावर वर्षानुवर्षं ठिणग्यांचे थेंब चिकटतात. त्यावर कप सरळ बसत नाही. तुमचा बसला."

मामांनी कप उचलला. एका कामगाराने कडेचं सामान बाजूला केलं, तशी भोकांची ओळ दिसली. साखळीच्या कप्पीने टेबलावरचा तो पत्रा उचलला. त्याची खालची, म्हणजे गाडीवर असताना वर येणारी, बाजू हिरवी रंगवलेली होती. त्याच्या खाली टेबलावर तेवढाच दुसरा पत्रा होता, थेंबांनी भरलेला, आणि त्याच्यातून हातभर लांब चीर गेली होती.

"खरं छत हे," मेघा म्हणाली. "दोन दिवस वाचवायच्या घाईत ते तापवलं नाही, म्हणून फुटलं. कारभारींनी त्याच्या जागी साधी शीट कापून, रंगवून बसवली. गाडी दाखवून परत येईल, तोवर नवा पत्रा मागवता येईल, असं त्यांना वाटलं. परवा कडुबांनी सहा महिन्यांचं सांगितलं, आणि त्या छताखाली माणसं जाऊ नयेत म्हणून काल कारभारींनी ते उतरवलं."

कारभारींनी मान वर केली नाही.

"सकाळी इचारलं तवाच सांगायला पायजे होतं ताई," ते म्हणाले. "तीस वर्सांत माझा जोड फुटला नव्हता. सांगायची लाज वाटली. पोरीचं नाव निघंल असं ध्यानातच आलं नाय. निघालं, तरी तोंड उघडंना."

वाहूळ मटकन स्टुलावर बसले. दोन दिवस वाचवा, तापवत बसू नका, असं आपणच म्हणालो होतो, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग सृष्टीची माफी मागितली. कारभारीकाकांनी तिला पहिल्या दिवशी वेल्डिंगची काच डोळ्यांवर कशी धरायची ते शिकवलं होतं. ती त्यांच्याकडे पाहत होती आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. मेघाला स्वतःच्या हुशारीचा त्या घटकेला मनापासून कंटाळा आला.

वाहूळ ट्रेलर रद्द करायला फोन घेऊन बाहेर गेले. नऊ वर्षांचं काम त्या एका फोनमध्ये मागे पडणार होतं, कदाचित कायमचं. कडुबा मात्र तिथेच उभा होता. तो कारभारींच्या समोर आला. आवाज चढला नाही.

"बाबा, पत्रा काढला ते बरं केलं. पण ह्यो पत्रा दुपारी नुसता सापडला असता, तर साहेबांनी परत बसवला असता. उद्या मी त्याच्याखाली बसून निघालो असतो. तवा तरी तुमी बोलला असता का?"

कारभारींनी हातमोजे काढले, टेबलावर ठेवले, परत उचलले.

"कालपासून त्योच इचार करतोय, लेकरा," ते म्हणाले. "मला ठाऊक नाय."