अंगणातलं मत

लोकशाहीत प्रत्येक मत अमूल्य असतं. त्या दुपारी असं एक अमूल्य मत सभागृहामागच्या अंगणात, रुग्णवाहिकेत, थंड पडलेलं सापडलं. तोवर सरकारही पडलं होतं. एका मताने.

मत म्हणजे आबा. सत्ताधारी पक्षातले सगळ्यात जुने सदस्य. अविश्वास ठराव होता म्हणून त्यांना इस्पितळातून थेट उचलून आणलं होतं. जिना चढणं त्यांच्या नशिबात नव्हतं, पण प्रथेने त्याचीही सोय केली होती. सदस्य आवारात असला आणि जिवंत असला, की आत न येताही त्याचं मत धरायचं. जिवंत आहे की नाही, हे दोन्ही बाजूंच्या प्रतोदांनी मिळून पाहायचं. लेखी काही नाही. आपापले सदस्य मतदानाला हाकून आणणं हे प्रतोदांचं काम. एरवी एकमेकांच्या नरडीवर उठणारी ही माणसं या एका बाबतीत परस्परांच्या शब्दावर चालत.

सत्ताधाऱ्यांचा मुख्य प्रतोद आबांचा मुलगाच होता.

सभागृहाची शिस्त राखणारे मार्शल आपल्या खोलीत आले, तेव्हा आबांच्या पत्नी तिथे बसून होत्या. रडत नव्हत्या. पदर मात्र मुठीत घट्ट धरलेला.

"भाऊजी, उद्या पक्षाची बैठक आहे. नवा नेता म्हणून आमच्या मुलाचंच नाव ठरलंय. मला म्हणतो, आई, व्यासपीठावर माझ्या शेजारी बस."

"मग बसा की, वहिनी."

"म्हणतो, बाबा झोपेतच गेले. मी चेहरा पाहिलाय त्यांचा. झोपेतला नाही तो. कुणाची तरी वाट बघत होते हे." त्यांनी मार्शलांकडे पाहिलं. "बसू की नको, ते तुम्ही शोधून सांगा."

मार्शलांनी आयुष्यात हरवलेल्या छत्र्या आणि भांडणारे सदस्य, एवढंच हाताळलं होतं. पण नाही म्हणवेना.

त्यांनी आधी रुग्णवाहिकेतल्या सिस्टरला गाठलं.

"मतदानाची घंटा वाजली तेव्हा आबा कसे होते?"

"जागे. म्हणाले, चष्मा द्या. मास्कमुळे काचांवर वाफ धरायची म्हणून मीच काढून उशाशी ठेवला होता. तेवढ्यात मुलगा आला. म्हणाला, प्रतोदांशिवाय कुणी गाडीत थांबायचं नाही, नियम आहे. मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले."

"पुढे?"

"प्रतोदबाई आल्या. दोघं लगेच गाडीचं दार लावून आत सभागृहात गेले. मला वाटलं, झालं मत. मतदान संपल्यावर मी गाडीत परतले तर आबा गेलेले. चष्मा नाकावर. एक काडी कानाबाहेर. मास्क हनुवटीवर ओढलेला."

"मधे गाडीपाशी कुणी गेलं?"

"चिटपाखरूही नाही. माझी नजर तिथेच होती."

विरोधी पक्षाच्या प्रतोदबाई सरकार पाडूनही उदास होत्या.

"मी दारातूनच पाहिलं. मुलगा म्हणाला, गेले. मी मान खाली घातली."

"जवळ नाही गेलात?"

"अहो, आत्ताच पोरका झालेला माणूस समोर उभा. त्याच्यादेखत बापाच्या नाकाशी बोट धरू?"

"चष्मा होता?"

"नव्हता. डोळे मिटलेले, तोंडावर मास्क. मनात म्हटलं, चष्म्याशिवाय आबा ओळखूच येत नाहीत."

मुलगा उद्याच्या भाषणाची तयारी करत होता. मार्शलांनी त्याला खोलीत बोलावलं. आई कोपऱ्यात होतीच.

"मार्शलकाका, घंटा थांबायच्या आत बाबांचा श्वास थांबला. काय सांगू!"

"चष्मा तू लावलास त्यांना?"

"मी कशालाच हात लावला नाही. बाईंना विचारा."

"विचारलं. त्यांनी आबांना बिनचष्म्याचं पाहिलं. मग तुम्ही दोघं बरोबरच गेलात. सिस्टर परतली तेव्हा चष्मा नाकावर होता आणि मधे कुणी फिरकलं नाही. मेलेला माणूस चष्मा लावत नाही रे. तू गेल्यावर आबा जिवंत होते. चाचपडत त्यांनी चष्मा लावला, मास्क खाली ओढला. आपल्याला मोजायला माणसं येतील, तोंडाने हो म्हणता यावं, म्हणून."

"माझी चूक झाली असेल. मी काही डॉक्टर नाही."

"चूक झालेला मुलगा आधी सिस्टरला हाका मारतो. तू तिला नसलेला नियम सांगून घालवलंस आणि दार लावलंस. मेलेल्याला जिवंत म्हणणारा प्रतोद एखादा निघेलही. पण स्वतःचं सरकार पाडायला जिवंत बापाला मेला म्हणणारा? असा संशय कुणाला येणार? आबांचं मत धरलं असतं तर बरोबरी होऊन ठराव फेटाळला गेला असता. सरकार राहिलं असतं तर जुना नेता राहिला असता. आणि तू प्रतोदच राहिला असतास."

मुलगा आईकडे न बघता म्हणाला, "डोळे मिटलेले होते त्यांचे. मी 'गेले' म्हटलेलं ऐकलं नसेल त्यांनी."

"मी हाक मारली की तेव्हाही ते डोळे मिटूनच ओ द्यायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, आळस." ती उठली. "उद्या शेजारची खुर्ची काढून टाक. रिकामी बरी दिसत नाही."

ती गेली. मुलगा हुंदके देऊन रडला. ते खरे होते. मार्शलांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

जिवंत बापाला मेला म्हणण्याविरुद्ध कायद्यात कलम नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एकमताने नेता झाला.

त्याच संध्याकाळी सभागृहाच्या सचिवांनी मतदानाचा दुरुस्त आकडा जाहीर केला. गर्दीत मोजणाऱ्यांची चूक झाली होती. सरकार एका नव्हे, पाच मतांनी पडलं होतं.