पासवर्ड बरोबर होता

लॉगिन होत नाही, ही तक्रार कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या करुणाला नवी नव्हती. करमाडच्या पुढे असलेल्या त्या कंपनीतली निम्मी माणसं शहरातून, घरबसल्या काम करायची. घरचा कॉम्प्युटर कंपनीच्या चार सर्व्हरपैकी ज्याच्यावर जागा असेल त्याला जोडला जायचा. त्यातला चौथा भारी खोडसाळ. त्याचं घड्याळ मागे पडायचं, आणि घड्याळ जुळलं नाही की बरोबर पासवर्डलाही तो ‘चुकीचा’ म्हणून हाकलून द्यायचा. तो बदला म्हणून करुणाने वैजनाथ सरांना किती विनवलं. पण साहेबांना स्वतःच्या केबिनला नव्या काचा हव्या होत्या.

गेल्या महिन्यात पुंडलिकनगरची संध्या अशीच चौथ्यावर अडकून सकाळभर पासवर्ड टाकत बसली. करुणा रजेवर होती, म्हणून फोन सरांनी घेतला. “बोटं नीट चालवा, नाहीतर या इथं,” म्हणाले. ती स्कूटीवर निघाली, आणि करमाडच्या अलीकडे ट्रकने तिला चिरडलं.

आज तिचे वडील मोतीरामकाका येणार होते, पोरीला का बोलावलं ते विचारायला.

“तिनंच पासवर्ड चुकवला असं सांग,” सर करुणाला म्हणाले. “तुझं ऐकतील ते.”

करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी जिवानिशी गेली, आणि वर दोषही तिच्याच माथी मारायचा?

“मी नाय खोटं बोलणार, सर. चौथा सर्व्हरच दाखवते त्यांना.”

ती तडक सर्व्हरच्या खोलीत शिरली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण या खोलीला खिडकी नाही. पंख्यांची अखंड घरघर, निळे दिवे, एसीचा गारठा. आणि आज त्या गारठ्यात जळक्या टायरचा वास होता.

चौथ्याच्या घड्याळात गेल्या महिन्यातली ती सकाळ होती. तिने वेळ दुरुस्त केली. तिच्या डोळ्यांदेखत आकडे परत त्याच सकाळवर गेले. मग पडद्यावर ओळ उमटली: संध्या, पासवर्ड चुकीचा. जरा थांबून पुन्हा तीच ओळ. कुणीतरी एकेक अक्षर तपासून, हळूहळू टाकत असावं तसं.

“कोण मस्करी करतंय?” सर दारात उभे होते. “तिचं खातं बंद कर.”

“ते मी कवाच बंद केलंय, सर...”

त्यांनी चौथा बंद करायला बटणाकडे हात नेला. करुणाने तो धरला. साहेबाचा हात धरला याचं तिला काही वाटलं नाही.

“एकदा तरी आत येऊ द्या तिला.”

तिने संध्याचं खातं उघडलं आणि पहिल्या सर्व्हरला जोडून दिलं. ओळी थांबल्या. मग एकच उमटली: संध्या, लॉगिन झालं.

“बघा,” करुणा म्हणाली. “बरोबर होता.”

टेबलावरचा फोन वाजला. करुणाने उचलला.

“करुणाताई... झालं बघा लॉगिन. म्हंजे आता मला निघायला नको ना?”

करुणाचे डोळे भरून आले. “नको गं... घरीच थांब.”

पलीकडे बराच वेळ नुसता वारा घोंघावत राहिला.

“पण सरांनीच बोलावलं ना, ताई... मी तर कवाच निघाले. करमाड बी गेलं मागं... सरांना म्हणावं, जाऊ नका कुठं. आलेच.”